राजसर्पाचें पिलूं

सापावरील लेख म्हटला म्हणजे विषारी साप कसा ओळखावा, दंश झाल्यास काय करावें, असें कांहींतरी त्यांत असणार, अशी आपली समजूत होईल. प्रस्तुत विषय निराळा आहे. परदेशांत राहणाऱ्या एका मुलानें घरीं पाळलेल्या सापाच्या पिलाचे पहिले दोन महिने कसे गेले, व तें पाहतांना आम्हां वडील माणसांस काय शिकावें लागलें, तें येथें सांगावयाचें आहे. त्या प्रकरणांत आमचें स्वतःचें वर्तन फारसें भूषणावह नव्हतें, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

इ. स. २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यांत, दिवाळीच्या सुमारास, आम्ही मातुःश्रींसह अमेरिकेंत ओहायो राज्यांत आमच्या धाकट्या बंधूंकडे गेलों होतों. त्यांच्या १२ वर्षांच्या मुलास वाढदिवसानिमित्त त्याच आठवड्यांत एक साप मिळावयाचा होता. मातुःश्रींनीं हें ऐकतांच डोळे मिटून घेतले. ‘किंग स्नेक’ हें नांव कानीं पडल्यावर आमच्याहि मनांत आपल्याकडील नागराजच उभा राहिला. पण हा समज चुकीचा आहे. नागराज, ज्यास इंग्रजींत किंग कोब्रा म्हणतात, तो अत्यंत विषारी. अमेरिकेंतील राजसर्प सर्वस्वीं बिनविषारी असून दोघांचें कूळ वेगळें आहे. साम्य एवढेंच कीं, दोघेहि इतर सापांना गिळतात.

शास्त्रज्ञ राजसर्पाच्या जातीला ‘लॅम्प्रोपेल्टिस’ म्हणतात. ‘चकाकणारा’ व ‘लहान ढाल’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून हें नांव बनलें आहे. अंगावरील खवले घासलेल्या पितळेसारखे लकाकतात, म्हणून तें शोभतेंहि. पुतण्याला मिळालें तें कॅलिफोर्नियांतील जातीचें पिलूं होतें. काळसर अंगावर पांढुरके आडवे पट्टे, लांबी जेमतेम एक वीत व चार बोटें, जाडी पेन्सिलीएवढी. (आपल्याकडे मण्यारीच्या काळ्या अंगावरहि पांढरे आडवे पट्टे असतात व ती प्राणघातक विषारी असते, तेव्हां वर्णन वाचून कोणीं पट्ट्यांवर विसंबूं नये.) रानांत हा साप उंदीर, सरडे, पक्ष्यांचीं अंडीं खातो आणि खडखड्या सापासहि वेटोळ्यांत आवळून मारतो, कारण त्याचें विष याला फारसें बाधत नाहीं. स्वजातीयांचीहि तो गय करीत नाहीं. म्हणून दोन राजसर्प एका पेटींत ठेवावयाचे नसतात. सोबतीसाठीं दुसरा आणावा ही आपली माणसांची कल्पना झाली.

पिलूं घरीं येण्यापूर्वीं एक आठवडा पुतण्यानें त्याची पेटी तयार ठेविली होती, व याबद्दल त्याची जितकी प्रशंसा करावी तितकी थोडी. पेटी फार मोठी नव्हती. एवढेंसें पिलूं विस्तीर्ण जागेंत बावरतें व खाणें सोडतें. बुटांच्या मोठ्या खोक्याएवढी, हवेसाठीं बारीक छिद्रें असलेली, घट्ट झांकणाची प्लॅस्टिकची पेटी त्यास पहिल्या वर्षीं पुरते. झांकण घट्ट याचा अर्थ खटके लावून बंद होणारें. राजसर्प निसटून जाण्यांत मोठा वाकबगार असतो. जेथें डोकें शिरलें तेथून सारें शरीर गेलेंच म्हणून समजावें.

पेटींतील खरी विद्या उष्णतेची आहे. साप आपल्या शरीरांत आपल्यासारखी ऊब निर्माण करीत नाहीं. ती तो बाहेरून घेतो, आणि पोटांतील अन्न पचणें न पचणें त्या ऊबेवर अवलंबून असतें. यास्तव पेटीच्या एका टोकाखालीं विजेची सपाट गादी ठेवतात व तिच्यावर तापमान राखणारें नियंत्रक यंत्र बसवितात. ऊबदार बाजू सुमारें ८५ अंश फॅरनहीट, थंड बाजू सुमारें ७५. नियंत्रकावांचून गादी वापरली तर पोटाची कातडी भाजते. दोन्ही टोकांस लपावयास एकेक लहानशी घळ पाहिजे. एकच ठेविली तर काय होतें? घळ थंड बाजूस असल्यास भित्रें पिलूं सुरक्षिततेपायीं थंडींतच बसून राहतें व त्याचें अन्न पचत नाहीं. दोन घळी असल्या म्हणजे त्यास ऊब कीं आसरा अशी निवड करावी लागत नाहीं. आम्हांस ही गोष्ट फार मार्मिक वाटली. तळाशीं ॲस्पेन झाडाच्या लाकडाचा भुसा पसरतात. त्यांत पिलूं बोगदे करून राहतें. देवदारासारख्या सुवासिक लाकडाचा भुसा मात्र वर्ज्य, कारण त्यांतील तेल सापास अपायकारक असतें. पाण्याची वाटी नेहमीं भरलेली असावी.

वाटी पाहून मातुःश्रींचें मन द्रवलें व त्यांनीं दूध विचारलें. पुतण्यानें त्यांस नम्रपणें सांगितलें, “आजी, सापाला दूध पचत नाहीं. नागपंचमीला तहानलेला साप दूध पितो, तो केवळ तहानेपायीं.” मातुःश्रींस हें पटलें कीं नाहीं कोण जाणे, परंतु त्या दिवसापासून त्या त्यास ‘राजे’ म्हणूं लागल्या आणि वाटींतील पाणी बदललें कीं नाहीं याची चौकशी रोज करूं लागल्या.

आतां आमच्या अपराधाकडे वळूं. नवें पिलूं घरीं आल्यावर पांच-सात दिवस त्यास मुळींच हात लावावयाचा नसतो. त्यास जागेची ओळख होऊं द्यावयाची असते. मग पहिलें अन्न द्यावयाचें, व अन्न दिल्यावर पुन्हां निदान दोन दिवस हात लावावयाचा नाहीं. पुतण्यास हे नियम पाठ होते. त्यानें सात दिवस पाळले. आठव्या दिवशीं त्यानें गोठवून ठेविलेलें उंदराचें नवजात पिल्लूं कोमट पाण्यांत पिशवीसह ठेवून वितळविलें व लांब चिमट्यानें पुढें धरिलें. हें भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून जाड नसावें असा नियम आहे. राजांनीं तें झडप घालून घेतलें, वेटोळें घातलें, व डोक्याकडून सावकाश गिळलें. मुलाला झालेला आनंद काय वर्णावा! दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं फराळास मंडळी जमली असतां सापाची गोष्ट निघाली, आणि पिलास बाहेर काढून दाखीव अशी मागणी झाली. ही मागणी आमचीच होती. मुलगा म्हणाला, “काका, उद्यांपर्यंत थांबा ना.” आम्ही हंसून म्हणालों, “अरे, एका मिनिटानें काय होतें?” वडिलांचा शब्द मोडवेना म्हणून त्यानें पिलूं काढिलें. तें चार-पांच हातांतून फिरलें. भयानें त्याची इवलीशी शेपटी थरथरत होती, त्यानें दुर्गंधी द्रवहि सोडिला, व आम्ही सर्व हंसलों. त्याच रात्रीं पिलानें खाल्लेलें अन्न ओकून टाकिलें.

साप ओकणें ही मांजर ओकण्यासारखी किरकोळ गोष्ट नव्हे. पोटांतील तीव्र आम्ल घशावाटे येतें, घसा पोळतो, आणि दहा ग्रॅमच्या आंतबाहेर वजन असलेल्या जिवास ही झीज सोसत नाहीं. लागलीच पुन्हां खाऊं घातलें तर तें पुन्हां ओकतें, आणि असें दोन-तीनदां झालें तर पिलूं दगावतें. याला उपाय एकच: स्वच्छ पाणी, योग्य ऊब, आणि दहा ते चौदा दिवस संपूर्ण एकांत. त्यानंतर पहिल्याहून लहान घांस. मुलास हें ठाऊक होतें. पण ठाऊक असणें आणि उपाशी पिलाकडे बघत बसणें यांत अंतर आहे. पांचव्या दिवशीं तो रडकुंडीस येऊन आम्हांस म्हणाला, “माझ्यानें हें होणार नाहीं. मी याला मागच्या झाडींत सोडून देतों. तेथें तरी तें खाईल.”

ओहायोचा हिंवाळा तोंडावर आला होता. कॅलिफोर्नियाच्या वंशाचें, पेटींत जन्मलेलें पिलूं तेथें वांचलें नसतें. परंतु जेथें हवा मानवते तेथें सोडलें तर? त्या रात्रीं बंधूंनीं आम्हां दोघांस ग्रान कॅनारिया बेटाची हकीकत सांगितली. आफ्रिकेच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरांत हें स्पेनचें बेट आहे. तेथें मूळचा एकहि साप नव्हता. पाळलेले राजसर्प कोणाच्या पेटींतून निसटले अथवा कोणीं कंटाळून सोडले, इ. स. १९९८ च्या सुमारास ते रानांत प्रथम आढळले. पुढें त्यांची प्रजा वाढली. त्या बेटावर, जगांत अन्यत्र स्वाभाविकपणें न आढळणारा, मोठा सरडा राहतो. साप म्हणून काय असतो हें त्या सरड्यास पिढ्यान्‌पिढ्या माहीतच नव्हतें. इ. स. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, राजसर्प जेथें स्थिरावले तेथें या सरड्यांची संख्या शेंकडा ९० हूनहि अधिक घटली. हजारों साप पकडले गेले, तरी त्यांचें निर्मूलन झालेलें नाहीं, कारण ते बहुतेक काळ जमिनीखालीं असतात. इ. स. २०२२ मध्यें युरोपीय संघानें हा साप अपायकारक परकीय प्राण्यांच्या यादींत घातला. ज्यांनीं ते पहिले साप सोडले, त्यांस बहुधा आपण दयाच करीत आहों असें वाटलें असेल.

मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें पेटीवर एक जाड कापड टाकिलें, म्हणजे येतांजातां कोणाची दृष्टि आंत जाऊं नये, व एक वही केली. खाण्याची तारीख, विष्ठेची तारीख, कात टाकल्याची तारीख, दोन्ही बाजूंचें तापमान, एवढें तींत लिहावयाचें. नऊ दिवस त्या वहींत फक्त तापमान आहे. चौदाव्या दिवशीं त्यानें पहिल्याहून लहान घांस दिला. घरांत कोणी चालेनासें झालें. पाऊण तासानें कापडाची कड उचलून पाहिलें, तों चिमट्याजवळची जागा रिकामी होती. त्यानंतरचे दोन दिवस मातुःश्रींनीं त्या खोलीच्या दाराशीं खुर्ची टाकून पहारा केला. आम्हांसहि आंत जाऊं दिलें नाहीं, आणि तें योग्यच होतें.

डिसेंबरांत पिलाचे डोळे निळसर, धुरकट झाले. नवख्या माणसास वाटतें कीं तें आंधळें झालें. वस्तुतः जुन्या व नव्या कातडीमध्यें द्रव जमल्यामुळें असें दिसतें. अशा वेळीं त्यास नीट दिसत नाहीं, बहुधा खातहि नाहीं, आणि त्यास छेडणें बरें नसतें. आमच्या पुतण्यानें ओलसर शेवाळ भरलेली एक डबी आंत ठेविली. आठवड्यानें ओठांपासून सुरुवात होऊन कात उलटी होत निघाली, पायमोजा काढावा तशी. ती अखंड आहे ना, विशेषतः डोळ्यांवरील पारदर्शक टोपणें निघालीं ना, हें पाहावयाचें असतें. लहान पिलूं महिना-दीड महिन्यानें अशी कात टाकतें. पहिली कात वहींत चिकटविलेली आहे. सापास वा पेटींतील वस्तूंस हात लावल्यावर साबणानें हात धुतलेच पाहिजेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर सॅल्मोनेला नांवाचे रोगजंतु असूं शकतात. हा नियम वहिनींनीं घातला व तो मोडणारास जेवण मिळत नसे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणाच्या मनांत आपणहि एखादें धामणीचें वा दिवडाचें पिलूं पाळावें असें आलें असेल, तर त्यांस स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आपल्या रानांतील सर्व साप संरक्षित असून त्यांस पकडून घरीं ठेवणें हा अपराध आहे. घरांत साप निघाला तर लांबून नजर ठेवावी व वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास कळवावें.

राजसर्प नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षें, क्वचित् त्याहूनहि अधिक जगतो. म्हणजे वयाच्या १२ व्या वर्षीं आणलेलें पिलूं त्या मुलाच्या तिशीपर्यंत त्याच्यासवें असावयाचें. विद्यालय, परगांव, नोकरी, सर्व त्यांत आलें. आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशीं बंधूंनीं ही गोष्ट काढिली, व मुलगा शिक्षणासाठीं बाहेरगांवीं गेला तर पेटी कोणीं पाहावयाची याचा निर्णय भोजनाच्या मेजावर झाला. वहिनींनीं तें आपल्याकडे घेतलें. अट एवढीच कीं उंदरांचीं पिल्लें ठेवावयास वेगळें शीतकपाट असावें. तें घेण्यास आम्हीं पैसे दिले. पुतण्याच्या गेल्या पत्रावरून कळतें कीं, राजे आतां तीन फुटांचे झाले आहेत.