बैठे काम आणि आपले आरोग्य

मुठेच्या काठची नारायण पेठ पिढ्यान्‌पिढ्या बैठ्या कामाची पेठ राहिली आहे. लोकमान्य टिळकांनी १९०५ साली येथील गायकवाड वाडा विकत घेतला आणि तो पुढे ‘केसरी वाडा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. छापखाने, पुस्तकांची दुकाने, वकिलांच्या व हिशेबनिसांच्या कचेऱ्या यांनी ही वस्ती गजबजली. मात्र त्या काळी पाणी भरणे, वाड्याचा जिना चढणे, मंडईपर्यंत पायी जाणे यांमुळे बैठक वारंवार मोडत असे. आज खतावणीच्या जागी संगणक आला, जिन्याच्या जागी लिफ्ट आली आणि उठण्याचे निमित्तच सरले. लेखणी हाती घेण्यापूर्वी टिळकांनी महाविद्यालयातील पहिले वर्ष व्यायामाने शरीर कमावण्यात घालविले होते, याचे या ठिकाणी स्मरण होते.

बसून राहिल्याने काय होते?

मांडीचे व पोटरीचे स्नायू हे शरीरातील मोठे स्नायू होत. ते काम करीत असता रक्तातील साखर वापरतात. जेवणानंतर आपण तासन्‌तास बसून राहिलो, तर ती साखर रक्तात अधिक काळ चढलेली राहते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ साली स्थूल व्यक्तींना दर वीस मिनिटांनी केवळ दोन मिनिटे चालावयास लावले. तेवढ्यानेही जेवणानंतरची साखर कमी चढली.

पोटरीचा स्नायू आकुंचन पावतो तेव्हा पायातील रक्त हृदयाकडे ढकलले जाते. तो निश्चल राहिला की रक्त पायात साचते, सूज येते व क्वचित शिरेत गुठळी होते. पुढे वाकून बसल्याने मान व कंबर दुखू लागते, ते वेगळेच.

हृदयाविषयीचा इशारा फार जुना आहे. डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसणाऱ्या चालकांमध्ये, जिन्याने वरखाली करणाऱ्या वाहकांपेक्षा हृदयविकार अधिक आढळला. दोन्ही गटांच्या प्रकृतीत मुळातच काही फरक होता, हे पुढे दिसून आले; तरीही हालचालीचे महत्त्व नंतरच्या अनेक अभ्यासांनी दृढच केले.

“मी तर सडपातळ आहे!”

हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. त्याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. येथील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन जवळजवळ सारखे. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावत, आणि आपला मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी गाठण्याची धावपळ, असे याज्ञिक यांच्याबाबत तेथे विनोदाने नमूद केले होते. जन्माच्या वेळचे कमी वजन हेही एक संभाव्य कारण त्यांनी सुचविले होते. तात्पर्य, वजनकाट्यावरचा आकडा पाहून निर्धास्त राहू नये. आतील चरबी डोळ्यांना दिसत नाही.

रुग्णाच्या आप्तांस विनंती

रुग्णाची शुश्रूषा करणारी कन्या किंवा पत्नी अनेकदा रात्रंदिवस खाटेशेजारच्या बाकावर बसून असते. रुग्णाचे पथ्यपाणी सांभाळताना तिच्या सुजलेल्या पायांकडे कोणाचेच लक्ष जात नाही. कृपया पाळीपाळीने थांबावे. एकाच पायास सूज येऊन पोटरी दुखू लागल्यास डॉक्टरांस त्वरित दाखवावे. एकाएकी दम लागला अथवा छातीत दुखू लागले, तर क्षणाचाही विलंब करू नये.

काय करावे?

१. दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटे चालावे.
२. दूरध्वनीवर उभ्याने बोलावे. पाण्याचा तांब्या हाताशी न ठेवता दूर ठेवावा.
३. जेवणानंतर दहा मिनिटे शतपावली करावी.
४. उठणे अशक्य असल्यास बसल्या जागी टाचा व चवडे आळीपाळीने उचलावेत.
५. रोज भरभर चालावे. दहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवरून २०१६ साली असे दिसले, की दिवसाला साठ ते पंचाहत्तर मिनिटांच्या अशा व्यायामाने दीर्घ बैठकीमुळे वाढणारा मृत्यूचा धोका बहुतांशी टळतो. एवढे चालणे ज्यांना जमत नाही, त्यांनी पहिला नियम तरी सोडू नये.

हृदयविकार असलेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्यायाम सुरू करावा.

आपल्या उदार देणग्यांतून औषधे व उपकरणे येतात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु अर्ध्या तासाने खुर्चीवरून उठण्यास ना देणगी लागते, ना औषध. विश्वस्त मंडळाच्या लांबलेल्या सभाही यास अपवाद नसाव्यात! हा अहवाल आपण बसून वाचत असाल, तर येथे तो मिटून चार पावले चालून यावे, ही नम्र विनंती.