मुंढ्यातला अर्धा इंच

कोल्हापूर, शुक्रवार

चि. सायलीस,


तुझा मेसेज वाचला. कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळतात, आणि तरी सकाळी घालायला काही सापडत नाही, म्हणतेस. खाली मुलींचे ढीगभर फोटो आणि शेवटी प्रश्न: "आत्या, माझी स्वतःची अशी स्टाइल कधी होणार?" फोनच करणार होते, पण तू एक तर हिंजवडीच्या बसमध्ये असतेस, नाही तर मीटिंगमध्ये. शिवाय हे घाईत सांगण्यासारखं नाही.

फोटो नीट पाहिले. मुली देखण्या आहेत, कपडेही छान आहेत. पण त्यातल्या एकीलाही बस पकडायची नाहीये. पायघोळ पांढरा झगा, हातात कॉफी, मागे स्वच्छ भिंत. तू सकाळी पाठीवर लॅपटॉप टाकून पावसात निघतेस, दिवसभर एसीत कुडकुडतेस आणि संध्याकाळी गर्दीत घामाघूम होऊन घरी येतेस. तुझ्या कपड्यांना आधी हा दिवस निभवायला हवा. ज्या कपड्यात सारखा गळा मागे ओढावा लागतो, ओढणी सावरावी लागते, तो कितीही महागाचा असला तरी तुझा नव्हे.

माझ्या शिवणाच्या दुकानात येणारी प्रत्येक जण मला गळ्याचा फोटो दाखवते. मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जोडतात त्या घेराबद्दल, कुणी विचारत नाही. आणि खरी गोम तिथेच असते. तयार कुडत्यांचा मुंढा बहुतेक वेळा खाली उतरवलेला असतो, म्हणजे एकच कुडता बारीक-जाड सगळ्यांच्या अंगात जातो. आपल्याला वाटतं, सैल आहे, बरं आहे. पण बसमधला वरचा दांडा धरायला हात वर केला, की मुंढ्याबरोबर अख्खी बाजू वर ओढली जाते आणि पोट उघडं पडतं. उलट मुंढा काखेजवळ, बेताचा घेतला, तर हात वर जातो आणि कुडता जागेवर राहतो. हे ऐकायला उलटं वाटतं, पण करून बघ. तुझ्याकडचे पाच-सहा कुडते घालून आरशासमोर हात वर कर. कपाटातले निम्मे कपडे तू का टाळतेस, ते तिथेच कळेल. फॅशनच्या गप्पांमध्ये हे कुणी सांगत नाही, कारण फोटोत हात खालीच असतात.

आता प्रेरणेचं. ती फोनमध्ये शोधू नकोस असं मी म्हणणार नाही, मीही रात्री तेच बघत बसते. पण फोनमध्ये फक्त जे विकायचं असतं ते दिसतं. महिनाभर एक कर. धुतलेले कपडे दोरीवरून काढताना जो कपडा घडी न करता तू थेट अंगात घालतेस, तो लक्षात ठेव. जो वाळायची वाट बघतेस, तो. त्याचा रंग, कापड, बाही, लांबी लिहून काढ. तुझी आवड तिथे आधीच लिहिलेली असते. मला आठवतं त्याप्रमाणे तुझा तो शेवाळी रंगाचा सुती कुडता असणार, कोपराखालपर्यंत बाहीचा. वहिनीने तो दोनदा बोहारणीला द्यायला काढला होता आणि दोन्ही वेळा तू परत आणलास.

मग रस्त्यावर बघ. भाजी मंडईत, बसस्टॉपवर, ऑफिसच्या पॅन्ट्रीत. माणसं आपापल्या कामासाठी कपड्यांत किती अक्कल लढवतात! पाण्यात उभं राहायचं, टोपली उचलायची, म्हणून कोळणींनी लुगडं घट्ट कासोट्याचं ठेवलं. गोव्यातल्या कुणबी बायकांची चौकडीची साडी गुडघ्याशी आखूड आणि खांद्यावर गाठ मारलेली, कारण चिखलात भात लावायचा असतो. वेंडेल रॉड्रिक्ससारख्या डिझायनरने पुढे ती साडी फॅशनच्या मंचावर नेली, ते चांगलंच झालं. पण तिची डौलदार गाठ आधी शेतात मारली गेली होती, हे विसरू नये.

तू म्हणशील, आत्या जुन्या काळात शिरली. शिरतेच थोडी. आनंदीबाई जोशींचा 1885 चा फोटो तू पाहिला असशील. फिलाडेल्फियाच्या मेडिकल कॉलेजातल्या तिघी, एक जपानची, एक सीरियाची आणि आपल्या आनंदीबाई, आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. तो फोटो मी माझ्या शिवणाच्या मशीनसमोर लावला आहे. अंगावर साडीच हवी, हे आनंदीबाईंनी पक्कं ठरवलं होतं. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडची थंडी भलतीच, म्हणून नेसण्याची पद्धत त्यांनी गुजराती घेतली. विशीच्या आतबाहेरची मुलगी, घरापासून हजारो मैलांवर, आणि काय सोडायचं, काय सोडायचं नाही याचा हिशेब इतका स्पष्ट! तुला स्टाइल म्हणजे काय ते हवंय ना, माझ्या मते ते हेच. एक-दोन गोष्टी घट्ट धरायच्या आणि बाकीच्यांत मोकळेपणाने फेरफार करायचा.

आणि हा हक्क सगळ्यांना आयता मिळालेला नाही, हेही तुला माहीत असावं. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकर बायकांशी मुद्दाम वेगळं बोलले. दलित बायकांनी लुगडं गुडघ्याच्या वर नेसायचं, गळ्या-हातात कथलाचे जड दागिने घालायचे, म्हणजे लांबूनच जात ओळखू यावी, अशी ती व्यवस्था होती. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या, आणि हलकेपणाची खूण अंगावर बाळगू नका, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी लगोलग नेसण्याची पद्धत बदलली. नुसतं लुगडं घोट्यापर्यंत आलं, पण त्यासाठी केवढं धैर्य लागलं असेल! स्वतः बाबासाहेबांचा सूट आठव. गांधीजींनी 1921 मध्ये मदुराईला अंगावरचे कपडे उतरवून पंचा पत्करला, यांनी सूट घातला. दोघांनीही पूर्ण विचार करून. ज्याला वाटेल तेव्हा शर्ट उतरवता येतो त्याने उतरवावा, पण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या तो घालूच दिला नाही त्याने का उतरवावा? म्हणून "कपड्यात काय आहे, साधं राहावं" असं कुणी म्हणालं की मी गप्प बसते, पण पटत नाही मला. दादाही तेच म्हणतो. त्याला सांग, त्याच्या पांढऱ्या शर्टांना लागणारी इस्त्री आधी मोज.

ऑफिसात कुणी बोलेल. "आज काय विशेष?" हा प्रश्न तर ठरलेलाच. त्याला उत्तर देऊ नकोस, पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा घाल. तिसऱ्यांदा घातलं की लोकांना ती तुझी तऱ्हा वाटायला लागते.

खरेदीबद्दल थोडंच सांगते. कापड हातात घे, मुठीत चुरगाळ, सोड. चुण्या तशाच राहिल्या तर रोज इस्त्री करायची तयारी आहे का, ते स्वतःला विचार. शिवण उलटी करून बघ. आत कापड सोडलेलं असेल तर उद्या अंग भरलं तरी उसवून वाढवता येतं, नसेल तर तो कपडा एका वर्षाचा सोबती. आणि लांबून मोठ्या नावांना भुलू नकोस. 2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचं नावही कुणी घेतलं नाही. इकडे ओरड झाली, मग त्यांनी मान्य केलं. तोवर आमच्या गल्लीतल्या पोरींनी रोजच्या वापरातल्या कोल्हापुरी चपलांचे फोटो टाकायला सुरुवात केली होती. पायात होतीच, फक्त दिसत नव्हती! तू मात्र पावसाळ्यात ती घालू नकोस. चामडं भिजलं की फुगतं आणि टाके सैल पडतात.

एक पार्सल पाठवते आहे. त्यात गुळेदगुड्डचा खण आहे, जांभळा, काठ लाल. तो बागलकोट जिल्ह्यात विणायचा आणि चोळ्या इकडे शिवायच्या, ही जुनी देवाणघेवाण. खणाचा पन्हा लहान असतो, त्यात अख्खा कुडता बसवायचा अट्टहास नको. मी त्याची कॉलर आणि बाहीची पट्टी करणार आहे, बाकी अंग साधं काळं सुती. तुला पसंत नसेल तर स्पष्ट सांग, माझ्यासाठी घालू नकोस. पहिल्यांदा वेगळा धू, रंग जातो.

मापासाठी तो शेवाळी कुडताच पाठव. कागदी नमुना काढून परत देईन, कात्री लावणार नाही. नवीन कुडत्याचा मुंढा त्यापेक्षा अर्धा इंच वर घेणार आहे. दंडाचं माप मात्र आजचं लिहून पाठव, जिमला जायला लागल्यापासून ते बदललं असणार. टेप ओढून धरू नकोस, मध्ये एक बोट ठेव.

वहिनीला सांग, तिची दोन्ही ब्लाउजं शिवून झाली आहेत, हूक तेवढे राहिलेत. रविवारी दादा येतोय, त्याच्याबरोबर देते.

तुझी,
आत्या