खेळाची जागा व ग्रामसभा : एक चर्चापाठ
(नागरिकशास्त्र, इयत्ता सहावी व सातवी)

ग्रामसभेची व्याख्या मुलांकडून पाठ करून घेणे सोपे असते. परंतु चार माणसांची चार मते असताना एक निर्णय कसा घ्यावा, हे शिकविणे कठीण असते. त्याकरिता मुलांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न निवडावा लागतो. प्रस्तुत पाठात खेळाच्या जागेचा प्रश्न घेतला आहे. शिक्षकबंधूंनी व भगिनींनी आपल्या गावच्या परिस्थितीस अनुसरून त्यात योग्य तो फेरफार करावा.

पाठाचा हेतू : सार्वजनिक जागेविषयी निरनिराळ्या लोकांचे म्हणणे ऐकून घेणे, आणि कोणता आक्षेप नियमाने दूर होतो व कोणता होत नाही, हे ओळखणे.

विषयप्रवेश : प्रथम विचारावे, "आपल्या गावात मुलगे कोठे खेळतात?" मग विचारावे, "मुली कोठे खेळतात?" दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे बहुधा पहिल्याहून निराळी येतील. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. भाष्य करण्याची घाई करू नये.

विषयनिवेदन : स्केटबोर्ड म्हणजे सुमारे पावणेदोन हात लांब व वीतभर रुंद अशी फळी. तिच्याखाली चार लहान चाके असतात. चाके लहान असल्यामुळे ती मातीच्या मैदानावर चालत नाही. तिला गुळगुळीत सिमेंटची जमीन व उतार लागतात. असे उतार बांधलेल्या जागेस स्केट पार्क म्हणतात. टोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांत २०२१ साली या खेळाचा प्रथमच समावेश झाला.

मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे लहान गाव आहे. तेथे उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने २०१५ साली स्केट पार्क बांधला गेला. गावात आदिवासी व यादव अशा दोन समाजांची वस्ती आहे. दोन्हींकडील मुले त्या एकाच जागी खेळू लागली. खेळाचे दोन नियम होते. पहिला, जो शाळेत जाणार नाही त्याला फळी मिळणार नाही. दुसरा, मुलींचा मान आधी. मुलीने फळी मागितली तर मुलग्याने ती दिली पाहिजे. याच गावची आशा गोंड ही मुलगी २०१८ साली चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत उतरली.

गटचर्चा : आता वर्गाची ग्रामसभा भरवावी. प्रस्ताव असा : "गावच्या मोकळ्या जागेत मुलांसाठी स्केट पार्क बांधावा." कोणी सरपंच, कोणी गुराखी, कोणी आई, कोणी शाळा सोडलेला तरुण, कोणी सातवीतील मुलगी अशा भूमिका वाटून द्याव्यात. शक्यतो प्रस्तावास अनुकूल असणाऱ्या विद्यार्थ्यासच विरोधकाची भूमिका द्यावी, म्हणजे त्यास दुसऱ्याची बाजू मनापासून शोधावी लागेल.

आक्षेप पुढीलप्रमाणे येतील : मुले शाळा बुडवतील; दांडगे मुलगे जागा अडवतील; हातपाय मोडतील; गुरांना उभे राहण्यास जागा उरणार नाही; शाळेचे छप्पर गळत असता हा खर्च कशाला; आपली कबड्डी व खो-खो काय वाईट आहेत?

हे आक्षेप फळ्यावर दोन रकान्यांत मांडावेत. पहिल्या दोहोंना जनवारच्या दोन नियमांत उत्तर सापडते, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून द्यावे. दुखापतीचे भय डोक्यावरील टोपामुळे व गुडघ्यावरील गाद्यांमुळे कमी होते, नाहीसे होत नाही. हेही प्रांजळपणे सांगावे. परंतु गुरांची जागा आणि गळके छप्पर यांना कोणताही नियम उत्तर देऊ शकत नाही. तेथे एक गोष्ट घेऊन दुसरी सोडावी लागते, व ती निवड गावाने हिशेब समोर ठेवून करावयाची असते. हा भेद ज्या वर्गास कळला, त्याला पाठ साधला असे समजावे. ठराव संमत झाला की नामंजूर, यास महत्त्व नाही. शिक्षकाने आपले मत देऊ नये.

मुलांना बोलू द्यावे, ही केवळ शिक्षकाची मेहेरबानी नव्हे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, जो भारताने १९९२ साली स्वीकारला, कलम १२ मुलांचे मत विचारात घेण्याविषयी व कलम ३१ विश्रांती व खेळ यांविषयी आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानेही शाळेस क्रीडांगण आवश्यक मानले आहे.

उपयोजन : विद्यार्थ्यांनी गावातील एक मोकळी जागा पावलांनी मोजावी, तिचा नकाशा काढावा, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी तेथे कोण असते याची आठवडाभर नोंद ठेवावी. नोंदीत मुलींचा रकाना स्वतंत्र असावा. त्यावरून ग्रामपंचायतीस एक विनंतिपत्र लिहावे. मागणी स्केट पार्कचीच असावी असे नाही. एक सपाट अंगण किंवा मुलींसाठी राखलेली सायंकाळची वेळही मागता येईल.

मात्र पत्र लिहून घेतले तर ते खरोखर पाठवावे, आणि आलेले उत्तर, नकाराचे असले तरी, वर्गात वाचून दाखवावे. पत्र कपाटात पडून राहिले, तर सभेत बोलून काही होत नाही असाच धडा मुले घेतील, व तो पुसून काढणे पुढे आपल्याच हाती राहणार नाही.