एके काळी आखातात आपलाच रुपया चालत होता

कफ परेडच्या मच्छीमार नगरात बोटी लागल्या की माल दोन वाटांनी जातो. बोंबील, मांदेली शहरातल्या बाजारांत जातात आणि त्यांचा भाव मुंबईचे गिऱ्हाईक ठरवते. मोठी कोळंबी गोठवून परदेशी पाठवली जाते, तेव्हा तिचा भाव डॉलरमध्ये ठरतो. म्हणजे एकाच जाळ्यातल्या एका मासळीला हुंडणावळ लागू होते, दुसरीला होत नाही. आपल्यातले जे व्यापारी तयार कपडे, अत्तर, चामड्याच्या वस्तू दुबईकडे पाठवतात किंवा ज्यांच्या घरातला कर्ता माणूस आखातात नोकरीला आहे, त्यांचा हिशोब कोळंबीसारखा आहे. म्हणून रुपया आणि दिरहम यांचे जुने नाते येथे थोडे सविस्तर पाहू.

आज ऐकून नवल वाटेल, पण कुवैत, बहारीन, कतर, दुबई, मस्कत या भागांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपलाच रुपया चालत असे. 1950 नंतर एक अडचण उभी राहिली. हिंदुस्थानी नोटा आखातात नेऊन त्यांवर सोने घ्यायचे, ते चोरून इकडे आणायचे, आणि त्या नोटा तिकडच्या बँकांमार्फत परत येऊन त्यांच्या बदल्यात आपल्या तिजोरीतून पौंड जायचे, असा प्रकार सुरू झाला. तो रोखण्यासाठी 1959 साली रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. यालाच आखाती रुपया म्हणतात. हाजींसाठीही ‘हज’ असा शिक्का छापलेल्या दहा व शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटा त्याच काळात निघाल्या. या नोटा भारतात चालत नसत, मात्र किंमत आपल्या रुपयाइतकीच होती.

पुढे एकेक देश बाहेर पडला. कुवैतने 1961 मध्ये दीनार काढला आणि तो सव्वातेरा रुपयांहून किंचित अधिक भावाने बदलून दिला. बहारीनने 1965 मध्ये दहा रुपयांना एक दीनार दिला. मग 6 जून 1966 चा दिवस आला. भारत सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले आणि 4.76 रुपयांचा डॉलर एकदम 7.50 रुपयांचा झाला. आखाती रुपया आपल्याच रुपयाला बांधलेला असल्यामुळे तोही घसरला. दुबईच्या बाजारात बसलेल्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यातले पैसे दिल्लीतल्या निर्णयाने हलके होणार, हे तिथल्या राज्यकर्त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. त्याच वर्षी कतर व दुबईने मिळून स्वतःचा रियाल सुरू केला, तोही अवमूल्यनाआधीच्या रुपयाच्या किमतीचा. 1973 मध्ये संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम आला, तो या रियालशी एकास एक. थोडक्यात, आजचा दिरहम हा 1966 पूर्वीच्या रुपयाचाच वंशज आहे. ओमानने तर 1970 पर्यंत आखाती रुपया सोडला नव्हता.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी, कारण तिच्यात भलेभले चुकतात. 1966 चे अवमूल्यन 36.5 टक्क्यांचे होते असे सरकारी कागदांत असते, पण डॉलर घेणाऱ्याला तो सुमारे 57.5 टक्के महाग पडला. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला रुपयाच्या बाजूने मोजला आहे: रुपयाला 21 सेंट मिळत होते, ते 13.33 झाले. दुसरा डॉलरच्या बाजूने. बाहेरचा माल घेणाऱ्याने दुसरा आकडा धरावा.

त्यानंतर 1 आणि 3 जुलै 1991 रोजी दोन टप्प्यांत रुपया पुन्हा खाली आणला गेला आणि डॉलर 21 वरून 26 रुपयांच्या जवळ गेला. 1993 च्या मार्चपासून दर बाजारावर सोडला, तेव्हा तो 31 च्या आसपास होता. ऑगस्ट 2013 मध्ये 68 ओलांडले आणि डिसेंबर 2024 मध्ये 85. दिरहम मात्र डॉलरला बांधलेला आहे. 1997 पासून 3.6725 दिरहमांचा एक डॉलर. म्हणून दिरहमचा भाव काढणे सोपे: डॉलरच्या रुपयांना 3.67 ने भागावे. 31 ला साडेआठाच्या जवळ येतो, 85 ला तेवीस रुपये. दिरहम महागला असे आपण म्हणतो, पण डॉलरपुढे तो जागचा हललेला नाही. खाली गेला तो रुपया.

मग रुपया पडला की निर्यातदाराची चांदी, असे कोणी म्हणेल. मच्छीमार नगरातल्या बोटवाल्याला विचारावे. कोळंबीला भाव वाढून मिळतो, पण डिझेल ज्या कच्च्या तेलातून निघते ते डॉलरनेच विकत घ्यावे लागते, आणि जाळ्याचे नायलॉनही तेलापासूनच बनते. बोंबील विकणाऱ्याची तर एकाच बाजूने मार: खर्च डॉलरचा, भाव मुंबईचा. कपडे शिवणाऱ्या आपल्या कारागिराने धागा, बटणे, चेन बाहेरची वापरली असतील तर त्याचीही अर्धी कमाई तशीच जाते.

उलट बाजूही ध्यानात असू द्यावी. 2007 च्या सुरुवातीला डॉलर 44 रुपयांच्या आसपास होता, वर्षअखेरीस 39 च्या घरात आला. दिरहम बारा रुपयांवरून पावणेअकरावर. समजा, एखाद्याने दहा हजार दिरहमांचा माल 1 लाख 20 हजार धरून, 1 लाख 9 हजार खर्चून तयार केला असता. पैसे वर्षअखेर हातात आले असते तर 1 लाख 7 हजारच मिळाले असते. मालात खोट नाही, गिऱ्हाईकही प्रामाणिक, तरी दोन हजारांचा तोटा.

मोठे निर्यातदार यासाठी बँकेकडून पुढच्या तारखेचा दर आधीच बांधून घेतात. लहान व्यापाऱ्याने निदान तीन गोष्टी कराव्यात, असे आम्हाला वाटते. कच्च्या मालापुरती रक्कम आगाऊ घ्यावी. उधारी नव्वद दिवसांऐवजी तीस दिवसांवर आणता आली तर थोडा भाव सोडूनही आणावी. आणि भाव रुपयांत ठरला असून पैसे दिरहमांत येणार असतील, तर दर कोणत्या दिवशीचा धरायचा, माल रवाना झाला त्या दिवशीचा की पैसे मिळतील त्या दिवशीचा, हे बिलावरच लिहून घ्यावे. वर्तमानपत्रातला दर पाहून हिशोब करू नये. तो मोठ्या व्यवहारांचा असतो. बँक किंवा मनी चेंजर आपल्याकडून दिरहम ज्या दराने घेईल, तो त्याच्या खालीच असतो.