पुढे काय?

प्रिय युवक-युवतींनो,

बारावीचा निकाल लागला की धर्मग्रामातील घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो : पुढे काय? रविवारी मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारातही तोच विषय. कोणाला नर्सिंग, कोणाला आयटी, कोणाला कॅनडा. आईवडील सांगतात, “फादर, प्रार्थना करा, ॲडमिशन होऊ दे.” प्रार्थना मी जरूर करतो. पण निर्णय घेण्याआधी प्रार्थना करा, असे सांगणारे फार थोडे. निर्णय आपण घेतो आणि सही-शिक्क्यासाठी तो देवाकडे पाठवतो.

संत इग्नेशियस लोयोला ह्यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात नेमके ह्याच गोष्टीवर बोट ठेवले आहे. देवाची स्तुती आणि सेवा हे माणसाचे ध्येय. विवाह, पद, पैसा ही साधने. परंतु पुष्कळ जण आधी लग्न करायचे ठरवतात आणि मग त्या लग्नात देवाला कोठे बसवायचे ते पाहतात, असे ते म्हणतात. म्हणजे आधी एसटीत चढायचे आणि मग ती कोठे जाते ते कंडक्टरला विचारायचे!

इग्नेशियस स्वतः शिपाईगडी. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी शूर सरदारांच्या कथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे होती, ती हाती आली. मग त्यांची स्वप्ने दोन प्रकारची झाली. एका थोर घराण्यातील स्त्रीसाठी पराक्रम गाजवावा, हे स्वप्न पाहताना गोड वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांप्रमाणे जगावे, हे स्वप्न सरल्यावरही आनंद टिकून राही. हा फरक त्यांच्या लगेच ध्यानात आला नाही.

तुम्हीही हे करून पाहा. परदेशी जाण्याचा बेत वाईट नाही. पण तो बेत मनात घोळवून झाल्यावर, दोन तासांनी मन कसे आहे? शांत, की शेजारच्या मुलाशी बरोबरी केल्यासारखे? आणखी एक युक्ती इग्नेशियसनेच दिलेली : तुमच्याच परिस्थितीतला एखादा अनोळखी तरुण डोळ्यांसमोर आणा. त्याला तुम्ही काय सल्ला द्याल? तोच स्वतःला द्या. मात्र मन खचलेले असताना आधीचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय बदलू नका.

नुसत्या भावनेवरही जाऊ नका. तिशी ओलांडलेले इग्नेशियस बार्सिलोनात लॅटिन शिकायला बसले, तेव्हा पाठांतराच्या वेळीच त्यांच्या मनात भक्तीचे उमाळे येत. प्रार्थनेच्या वेळी ते येत नसत! हा मोह आहे हे त्यांनी ओळखले आणि अभ्यास सोडणार नाही असे गुरुजींना वचन दिले. एक वर्ष वाया गेले म्हणून रडणाऱ्यांनी त्यांचे वयही ध्यानात घ्यावे.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये येशूसंघीयांबरोबर धर्मशिक्षकाचे काम करीत. त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. त्यांनी व्यापार केला, तो चांगला चाललाही. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. एक दार बंद झाले म्हणून पाचारण संपले, असे त्यांनी मानले नाही.

आईवडिलांनाही दोन शब्द. पाचारण म्हणजे केवळ सेमिनरी किंवा कॉन्व्हेंट नव्हे. विवाह हेही पाचारणच. पण मुलाने कधी सेमिनरीचे नाव काढले तर घरात सुतक का पडावे? धर्मगुरू हवेत अशी प्रार्थना आपण सारेच करतो. फक्त ते शेजारच्या घरातून यावेत, एवढीच आपली इच्छा!

ज्यांना ह्याविषयी बोलायचे आहे, त्यांनी शनिवारी सायंकाळच्या मिस्सानंतर मला भेटावे. निकालाच्या आठवड्यातही या. त्या आठवड्यात आपण फक्त चहा घेऊ, निर्णय घेणार नाही.

तुमचा,
फादर