आधी मीटर रूम बघ

हे बघ मनू, पनवेलच्या पुढचा तो फ्लॅट तुझ्या मनात भरलाय, हे फोटो पाठवलेस तेव्हाच कळलं. समोर डोंगर, भरपूर वारा, भावही आजूबाजूपेक्षा बराच खाली. पण साठ फ्लॅटांत जेमतेम बारा कुटुंबं राहतात म्हणालीस, तिथे मी अडखळले.

मेंटेनन्सचंच घे. वॉचमन, लिफ्ट, पंपाची वीज, सफाई, टँकर मिळून महिन्याला समज 90 हजार लागतात. साठ घरांनी भरले तर दीड हजार, बाराच घरांवर आले तर साडेसात. न विकलेल्या फ्लॅटांचा वाटा बिल्डरने भरायचा असतो, पण तो वेळेवर भरेल असं धरून चालू नकोस. ताबा देताना वर्ष-दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतात, तोवर सगळं चकाचक. तो संपला की आधी एक लिफ्ट बंद, मग रात्रीचा वॉचमन गायब. आणि सुहासची नाइट शिफ्ट, म्हणजे अख्ख्या मजल्यावर तू आणि पिंट्या! सांडपाण्याचा प्लांटसुद्धा पुरेसं पाणी आल्याशिवाय धड चालत नाही, नुसता वास मारतो.

आता बिल्डिंग रिकामी का आहे, ते शोध. फ्लॅट विकलेच गेले नसतील, तर उद्या तुला विकायची वेळ आली की खुद्द बिल्डरच तुझ्यापेक्षा स्वस्तात कोरा फ्लॅट देईल. शिवाय उरलेले फ्लॅट त्याने कर्जापोटी गहाण टाकलेले असू शकतात. तुझा त्यात असला तर कर्ज देणाऱ्याची एनओसी हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

की सगळे विकले गेलेत, पण गुंतवणूकदारांना? त्या पट्ट्यात विमानतळाच्या नावावर वर्षानुवर्षं फ्लॅट खपलेत. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या शहरांत 20 लाखांच्या आसपास घरं रिकामी निघाली होती, तेव्हा हे काही नवीन नाही. मला विचारशील तर हा प्रकार जास्त तापदायक. बिल्डर निदान एकच असतो, महारेराकडे त्याची तक्रार करता येते. इथे मालक दुबईत नाहीतर बोरिवलीत, वरच्या बंद फ्लॅटमधून तुझ्या छताला ओल येतेय आणि फोन कोणी उचलत नाही. बाल्कन्यांत कबुतरं. सभेला कोरम कधीच होत नाही. थकबाकीसाठी सोसायटीला उपनिबंधकांकडून वसुली दाखला आणता येतो, पण त्याआधी सोसायटी तर नोंदलेली हवी! 51 टक्के फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत बिल्डरने ती करायची असते. तेव्हा निम्मेही गेले नसतील तर सोसायटीची वाट बघत बस.

सेल्सवाल्याला विचारू नकोस, तो ‘ऐंशी टक्के गेले, मॅडम’ म्हणणार. महारेराच्या साइटवर प्रकल्पाचं पान उघड. किती फ्लॅट बुक झाले ते बिल्डरला दर तीन महिन्यांनी तिथे भरावं लागतं. मग नोंदणी कार्यालयातून झालेल्या विक्रीचा इंडेक्स टू काढ. एकाच नावावर आठ-दहा फ्लॅट दिसले तर समजून जा. आणि वॉचमनला गोड बोलून मीटर रूम उघडायला लाव. किती मीटर बसलेत आणि त्यातले किती फिरतायत, ते डोळ्यांनी बघ. संध्याकाळी खिडक्यांतले दिवे मोजतात लोक, पण कोणी उशिरा घरी येतं, कोणी गावाला गेलेलं असतं. मीटरवरचे युनिट मात्र महिनोन्‌महिन्यांचा हिशेब सांगतात.

ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नसेल तर यातलं काहीच बघायला जाऊ नकोस, सरळ परत फीर. असेल, निम्म्याहून जास्त घरं स्वतः राहायला येणाऱ्यांनी घेतलेली असतील, तर भाव अजून पाड, रिकामेपणाची किंमत त्यालाही कळते.

आणि टोकनची घाई नको. ‘आजच द्या, उद्या रेट वाढतोय’ म्हणाला तरी हसून चहा पी आणि नीघ. करार नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेताच येत नाही, रेरात तसं स्पष्ट आहे. इंडेक्स टू मिळाला की मला पाठव, रविवारी दोघी बसून नावं वाचू.