विमानाने जाणाऱ्या भाजीपाल्याची पेटी
परभणी जिल्ह्यातील भेंडी वा हिरवी मिरची विमानाने परदेशी धाडावयाची झाल्यास ती मोटारीने मुंबईसारख्या मोठ्या विमानतळावर न्यावी लागते. तेथे केवळ काट्यावरचे वजन पाहिले जात नाही. विमान कंपन्यांनी १९४५ साली हवाना येथे स्थापिलेल्या ‘आयाटा’ या आंतरराष्ट्रीय संघाने मालाची पावती, नाशवंत मालाची बांधणी व आकारणीचे वजन यांविषयी नियम घालून दिले आहेत. भाडे मात्र ज्या त्या कंपनीचे.

शेतकऱ्यास झळ लागते ती आकारमानाच्या नियमाची. सामान्यतः ६,००० घन सेंटिमीटर म्हणजे १ किलो असे धरतात. ६० × ४० × ३० सेंटिमीटरची पेटी यामुळे १२ किलोंची ठरते. तीत ८ किलोच भेंडी भरली तरी भाडे १२ किलोंचे. ४ किलोंचे भाडे निव्वळ हवेचे! खरे वजन अधिक भरल्यास तेच धरले जाते. म्हणून माल दाबून भरावा, असे मात्र नव्हे. उष्णता कोंडून तो काळवंडतो. पेटीच मालाच्या मानाने बेताची निवडावी व तिची भोके बुजवू नयेत. पेट्या विकत घेण्यापूर्वीच गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बाहेरून मापे घेऊन हा हिशेब शेतकऱ्यांस करून दाखवावा.